गोलंदाजाचे कान पास झाले

दावा फेटाळला गेल्याची बातमी धाकटीनं आणली, आणि सगळ्या घरात एकच माणूस खूश झाला. ज्याचा दावा होता तो.

धाकटीनं दारात चपला काढल्या, पिशवी ठेवली, कापड कापायच्या टेबलाला वळसा घालून खिडकीसमोर आली, तोंडावर उजेड घेतला आणि मगच तोंड उघडलं. ह्या घरात कुणी खिडकीला पाठ करून बोलत नाही. का, ते कुणी कुणाला शिकवलेलं नाही. पोरं रांगत होती तेव्हापासूनचं ते वळण. थोरल्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या चार दिवसांत तिलाही कळलं, की बोलायची एक जागा आहे. तिथून बोललं नाही तर सासरे नुसतं ‘हं’ म्हणतात आणि भलतंच काहीतरी करून ठेवतात.

“फेटाळला,” धाकटी म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. यंत्रानं वाजवलेले सगळे आवाज बाबांनी बरोबर पकडले. ह्या वयात असे कान त्यांनी बघितले नाहीत म्हणे.”

गोलंदाज खुर्चीतून उठला. विजार वर ओढली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“पुन्हा सांग.”

“कळलं ना तुम्हाला, बाबा.”

“कळलं. पण पुन्हा सांग. तुझ्या आईकडं बघून सांग.”

शिंपीण मशीनवर होती. तिनं पायडल थांबवलं नाही. “मी ऐकलं,” ती म्हणाली. “माझे कान चांगले आहेत.”

“माझेही,” गोलंदाज म्हणाला. “आता सरकारच म्हणतंय. आयुष्यभर मला बहिरा ठरवलंत सगळ्यांनी. मी सांगत होतो, मला ऐकू येतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.”

“त्या सरकारला म्हणावं, चार दिवस येऊन राहा घरी. दारावरची कडी वाजवून हात सुजतील त्याचे.”

गोलंदाज हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता पेन्शनच्या बँकेशिवाय कुणी घेत नव्हतं. तरणीताठी सगळी वर्षं त्यानं तोफेवर काढली. कानात घालायला त्या वेळी कापसाचे बोळे, तेही मिळाले तर. मागे शेजारी नवा भाडेकरू आला, त्याला वाटलं म्हातारा क्रिकेट खेळत असणार. त्यानं विचारलं, फिरकी का वेगवान? गोलंदाज म्हणाला, “जड. ट्रक लावून ओढायला लागायची.”

तोफेनं कान गेले म्हणून सरकारकडं दावा लावायचं टुमणं शिंपिणीचं. आधी दोघंही त्या वाटेला गेले नव्हते. पण गेल्या थंडीत ती छातीच्या दुखण्यानं इस्पितळात पडली, आणि खालच्या दुकानात गोलंदाज एकटा बसला. गिऱ्हाईकं यायची, बोलायची, हा मान डोलवायचा. परत येऊन बघते तर एका बाईला लग्नाचा झगा दुसऱ्या दिवशी द्यायचा कबूल झालेला, आणि दुसऱ्या एकीचा कोट, जो फक्त आत घ्यायचा होता, तो उसवून चार तुकडे. त्यावर गल्ली महिनाभर हसली. शिंपीणही हसली. मात्र त्याच दिवसांत वरच्या मजल्यावरचा नळ फुटला होता, लोक जिन्यात ओरडत होते, दार बडवत होते, आणि हा आत झोपलेला, पलंगाखालून पाणी वाहतंय. ते तिला शेजारणीनं सांगितलं तेव्हा तिला हसू आलं नाही. दावा मंजूर झाला तर सरकार चांगल्यातली कानाची यंत्रं देणार होतं, जन्मभर बदलून देणार होतं, दाराच्या घंटीला दिवा बसवून देणार होतं. तिला तेवढं हवं होतं. माझ्यामागे ह्यांचं कसं, हा एकच किडा तिच्या डोक्यात वळवळत होता, आणि तो तिनं कुणाला दाखवला नव्हता.

संध्याकाळी थोरला बस डेपोत लावून आला, तो वर्दीतच. बातमी ऐकून त्याचं टाळकं फिरलं.

“म्हणजे काय? त्या माणसाला डोळे आहेत का नाहीत? मी उद्या रजा टाकतो. जातो आणि विचारतो त्याला.”

“दादा, तू विचारायला गेलास की अपीलसुद्धा जाईल,” धाकटी म्हणाली. ती कोर्टात टायपिस्ट, तिला ह्यातलं कळायचं. “अपील करता येतं. पुन्हा तपासणी होते. पण एकदाच. त्यात पास झाले की संपलं.”

“मी पुन्हा पास होणार,” गोलंदाज म्हणाला. तो आज भलताच फॉर्मात होता. सुनेनं चहा आणला तर म्हणाला, “सूनबाई, चहा ओतल्याचा आवाज आला मला.”

“आला असेल, बाबा,” सून म्हणाली. ती कमी बोलायची आणि जास्त बघायची. एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं तिचं काम.

“सोडून द्या ना,” धाकटी एकदम म्हणाली. “बघा किती खूश आहेत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नाही. कशाला त्यांना बहिरं ठरवायचं आपण?”

“अगं, दावा कुणी टाइप केला? तूच ना?” थोरला म्हणाला. “आता बाबांच्या पक्षात गेलीस होय?”

“पक्ष कसला. त्यांचे कान आहेत, त्यांना ठरवू दे.”

“असं म्हणते ती,” गोलंदाज म्हणाला. “शहाणी पोर.”

शिंपिणीनं लेकीकडं बघितलं. कालपर्यंत ही माझ्याकडून होती. ह्या घरात पक्ष बदलायला वेळ लागत नाही, चहा गार व्हायच्या आत माणूस टेबलाच्या ह्या बाजूचा त्या बाजूला जातो. पण आज तिला ते लागलं. “मला एक सांगा,” ती म्हणाली, “जो माणूस कुकरची शिट्टी ऐकत नाही, त्याला ती यंत्राची बारीक चिवचिव ऐकू कशी आली? मी होते ना तिथं. मला स्वतःला नाही आली.”

“तुला कशी येईल? त्यांच्या कानावर लावलं होतं ते,” थोरला म्हणाला. मग थांबला. “तू आत होतीस?”

“आत म्हणजे, काचेच्या खोलीत हे. बाहेर ती यंत्रवाली पोरगी आणि मी. ती म्हणत होती नातेवाइकांनी बाहेर थांबा. मी म्हटलं, बाई गं, ते परक्या ठिकाणी बावरतात, मी दिसले की बरं वाटतं त्यांना. मग तिनं स्टूल दिलं. चांगली होती पोरगी.”

थोरल्यानं डोकं खाजवलं. “हातच्या काकणाला आरसा कशाला? आपण इथंच करून बघू.”

आणि त्यांनी टेबल मोकळं केलं. गोलंदाज हौसेनं मधे बसला, शाळेतल्या पोरासारखा मांडीवर हात ठेवून. आवाज आला की बोट वर करायचं. थोरल्यानं काचेचा पेला आणि कात्री घेतली, बापाच्या मागे गेला, आणि कात्रीच्या टोकानं पेल्यावर हलकेच टिचकी दिली.

गोलंदाजानं बोट वर केलं.

आणखी हलकी टिचकी. बोट वर. मग थोरला नुसताच उभा राहिला, काही न वाजवता. बोट खालीच. मग पुन्हा टिचकी. बोट वर.

“अरे बापरे,” धाकटी म्हणाली.

“म्हटलं नव्हतं मी?” गोलंदाज म्हणाला.

शिंपीण समोर बसली होती, हातात सुई, नवऱ्याकडं बघत. इतकी वर्षं हा माणूस ऐकत होता की काय? मी जिन्यातून घसा फोडून हाका मारल्या त्या सगळ्या ह्याला ऐकू येत होत्या? रागानं तिचे कान तापले.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सासऱ्यांकडं बघतच नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही मान हलवताय.”

“कोण? मी?”

“तुम्ही. ह्यांनी पेला वाजवला की तुमची हनुवटी जराशी वर जाते. आणि बाबा तुमच्याकडंच बघतायत.”

“काहीतरीच काय. मी कशाला मान हलवू? मी सुईत दोरा घालत बसलेय.”

“दोरा कुठाय, आई?”

दोरा नव्हता. शिंपिणीनं सुई टाचण्यांच्या उशीत टोचून ठेवली. “हे बघ, सूनबाई, डोळ्यांच्या दुकानात काम करतेस म्हणून काय वाटेल ते दिसायला लागलं तुला.”

“थांब, आई,” थोरला म्हणाला. “त्या यंत्राला दिवा होता का गं?”

“होता की. बारका. आवाज वाजला की लागायचा. त्या पोरीनंच दाखवला मला.”

थोरल्यानं पेला खाली ठेवला आणि बापाच्या खांद्याला हात लावला. ह्या घरात तीही रीत, आधी खांदा मग बोलणं. “बाबा, जरा तोंड भिंतीकडं करा बरं.”

“का?”

“आईला बघू नका. तिची दृष्ट लागते.”

गोलंदाज हसला. खुर्ची ओढून भिंतीकडं वळला, पाठ ताठ केली, बोट मांडीवर तयार ठेवलं. थोरल्यानं टिचकी दिली. बोट हललं नाही. त्यानं जोरात दिली. मग कात्रीचा दांडा पेल्यावर आपटला, पेला फुटतो की काय असा. मग सुनेनं आतून पातेलं आणून दिलं, त्यावर. खाली रस्त्यावर कुणीतरी खिडकीकडं मान वर करून बघितलं.

भिंतीसमोर गोलंदाज पहाऱ्यावर बसल्यासारखा बसला होता. मानेवर नुकत्याच कापलेल्या पांढऱ्या केसांची रेघ, दोन्ही कान बाहेर आलेले, मोठे, चांगले, काही दोष नसलेले दिसायला. थोरला वाजवायचा थांबला. धाकटीनं पदरात तोंड घातलं होतं.

“सुरू करा की,” गोलंदाज भिंतीला म्हणाला. “किती वेळ बसवणार?”

थोरल्याला आणखी वाजवता आलं नाही. तो पातेलं घेऊन तसाच उभा. शेवटी शिंपीणच उठली, जाऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला. एकेकाचं तोंड बघितलं, थोरल्याच्या हातातलं पातेलं बघितलं, आणि त्याला काय ते कळलं. तोंडं वाचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“तिनं काही केलं नाही,” तो म्हणाला. “तिच्या नावानं कुणी बोलायचं नाही.” आणि जिना उतरून खाली दुकानात गेला.

वर भांडण पेटलं, पण दबक्या आवाजात. थोरला म्हणाला, आता अपील करायचंच. धाकटी डोळे पुसत म्हणाली, तुला लाज वाटली नाही का रे पातेलं बडवताना. सून म्हणाली, पातेलं मी आणून दिलं, मला बोला. शिंपीण म्हणाली, “गप बसा सगळी. मी नापास करायला नेलं आणि मीच पास करून आणलं. आता मीच निस्तरते.”

खाली गोलंदाज इस्त्री करत होता. इस्त्री गरम झालेली नव्हती, तरी करत होता. शिंपीण दिव्याखाली त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

“मठ्ठासारखा बसलो होतो ना, पोरांसमोर?” त्यानं विचारलं.

“ताठ बसला होतात.”

“डॉक्टरसमोर तसंच बसायचं?”

“हो.”

“तू नसताना?”

“मी नसतानाच. मी असले की काय होतं ते बघितलंत.”

तो कॉलरवर इस्त्री फिरवत राहिला. “आमच्यातला तो गोळा भरणारा होता ना. त्याचा हात गेला. त्याला कुणी विचारत नाही काय गेलं, दिसतंच. माझं काय गेलं ते कुणाला दिसत नव्हतं. म्हटलं, नाही दिसत तर नाहीच गेलं असं धरून चालू. चाललं की इतकी वर्षं.”

“चाललं कारण मी चालवलं.”

“मग तेच म्हणतोय मी. चालू दे की तसंच.”

“आणि मी आधी गेले तर?”

“तू कुठं जातेस.”

“इस्पितळात गेले होते.”

“तो झगा मी देणार होतो तिला.”

“झग्याचं राहू द्या,” शिंपीण म्हणाली. “पलंगाखालून पाणी वाहत होतं आणि तुम्ही झोपला होतात. मला तिथं पडून तेच दिसायचं डोळ्यांपुढं. पाण्याच्या जागी जाळ असता तर? पोरं किती दिवस तुमच्यासाठी उजेडात येऊन उभी राहतील? त्यांना त्यांची घरं आहेत. मला एवढंच बघायचंय, की मी नसताना तुमचं दार कुणी वाजवलं तर तुम्हाला कळेल. ते बघितलं की मी मोकळी.”

गोलंदाजानं इस्त्री उभी केली. बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिला, जणू ती अजून बोलतेय.

“एकदा कागदावर बहिरा ठरलो,” तो म्हणाला, “कानात यंत्र आलं, की तू मान हलवायची बंद करशील.”

“माझी मान काय सरकारनं पगारावर ठेवलीय बंद करायला? ती माझं तरी ऐकते का? आत्ता वर बघितलंत ना.”

तो हसला. दातांच्या फटीतून, पूर्वी हसायचा तसा. “थोरल्यानं न्यायचं मला. धाकटी नको. ती रडते.”

“थोरलाच नेईल.”

“आणि तू फाटकापर्यंतच यायचं. आत यायचं नाही. डोकावायचं नाही.”

“फाटकाच्या अलीकडंच थांबते,” ती म्हणाली. “आणि आता ती इस्त्री चालू करा आधी. बटण दाबलेलं नाही.”

अपिलाच्या दिवशी शिंपीण खरंच तपासणीच्या दवाखान्याच्या फाटकाच्या अलीकडं थांबली. रस्त्याच्या पलीकडं बटणांचं आणि लेसचं एक दुकान होतं, त्याच्या पायरीवर. दुकानदारीण म्हणाली आत या, ऊन आहे. ती म्हणाली नको, इथंच बरं. बटणांचा एक डबा मागून घेतला आणि उगाच बटणं चाळत राहिली. समोरची इमारत काचांची, पण आतलं काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तर तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

थोरला आधी बाहेर आला. रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभा राहिला. त्याला हसायचं होतं, पण ओठ वाकडे होत होते.

“नापास,” तो म्हणाला. “पार नापास, आई. बारीक आवाज तर सोडच. त्या पोरीनं यंत्र शेवटापर्यंत नेलं. डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळी हे आकडे आले कसे? मी म्हटलं, साहेब, मागच्या वेळी आमची आई पास झाली होती.”

“मग काय म्हणाले?”

“आधी चिडले, मग हसले. मग त्यांनी स्वतः सही केली. मंजूर होईल म्हणाले.”

“आणि हे?”

“एकदा विचारलं, झालं का सुरू म्हणून. मग काही बोलले नाहीत. सदरा नीट करतायत. येतीलच.”

गोलंदाज बाहेर आला. फाटकाशी थांबून त्यानं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. ती समोर होती, पण मधे गाड्या होत्या. तेवढ्यात एक मालाची व्हॅन त्याच्यामागे येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून काहीतरी विचारलं. गोलंदाजाची पाठ त्याच्याकडं. ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं, मग हात नाचवला. फाटकावरचे दोघंतिघं बघायला लागले.

शिंपीण डबा पायरीवर ठेवून उतरली. थोरलाही निघाला होता. तिनं त्याची बाही धरली. आणि दुसऱ्या हातानं कठडा धरला, स्वतःला थांबवायला.

ड्रायव्हर खाली उतरला, वैतागून, आणि येऊन गोलंदाजाच्या खांद्याला हात लावला. गोलंदाज वळला. इतक्या वर्षांत अशा वेळी तो नेहमी ‘हं’ म्हणायचा आणि मान डोलवायचा. शिंपीण त्याच्या ओठांकडं बघत होती. एवढ्या लांबूनही तिला ते वाचता आले.

“मला ऐकू येत नाही,” गोलंदाज त्या परक्या माणसाला म्हणाला. “तोफेवर होतो. तोंड माझ्याकडं करून सावकाश बोल.”

ड्रायव्हर गडबडला. मग त्यानं टोपी काढली, उगाचच, आणि सावकाश बोलला. गोलंदाजानं मागे वळून बघितलं. भिंतीलगत दोन गाड्यांच्या मधे जागा होती, थोडी अरुंद. त्यानं ती नजरेनं मापली, ड्रायव्हरला गाडीत बसायची खूण केली, आणि स्वतः मागे जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला.

“बाबा काय करतायत?” थोरल्यानं विचारलं.

“गाडी लावून देतायत,” शिंपीण म्हणाली.

ये, ये, ये. डावीकडं. अजून. हात उघडे, मग जवळ, मग आडवे. व्हॅन बोटभर जागा सोडून आत बसली. जमलेल्या दोघातिघांनी तोपर्यंत रस्ता मोकळा करून दिला होता. गोलंदाजानं हात खाली सोडले आणि मग समोर, गाड्यांच्या फटीतून, त्याला त्याची बायको दिसली.

त्यानं तिथूनच, रस्त्याच्या ह्या बाजूला पोचेल एवढ्या मोठ्यानं, विचारलं, “कधीपासून उभी आहेस?”

उत्तर शिंपिणीनं तो समोर येईपर्यंत ठेवून दिलं. रस्ता ओलांडायला त्याला वेळ लागणार होता. ती दुकानदारणीला बटणांचा डबा परत करायला वळली, आणि तो आपला आपण पलीकडून निघाला, दोन्हीकडं नीट बघून.